उन्नतीला उचलण्याबाबत

मी, रामनाथ चिंधू भोईर, वय ६९, राहणार राहनाळ, तालुका भिवंडी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहून ठेवत आहे. गुडघे कामातून गेले, डोकं शाबूत आहे. कोणाचं दडपण नाही. दडपण आणायला आलेल्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

१. राहनाळचा गोदामाचा गाळा मुलगा कुणाल याला, कलम ४ च्या अटीवर.

२. राहतं घर मुलगी उन्नती हिच्या एकटीच्या नावे. तिला लहानपणापासून स्नायू क्षीण होत जाण्याचा आजार आहे. सोळाव्या वर्षापासून ती चाकाच्या खुर्चीत आहे. "खुर्चीतल्या पोरीला घर कशाला?" असं विचारणारे माझे धाकटे बंधू केसरीनाथ यांना माझ्याकडून काहीही नाही.

३. हे कलम कबुलीचं आहे. उन्नतीला तिची आई कमळा उचलायची. कमळाच्या तेराव्याला पंगत खोळंबली म्हणून मी घाईत काखेत हात घालून पोरीला उचललं. पाय खुर्चीत अडकून पिरगळला. ती कळवळली. केसरीनाथ म्हणाला, "पडलीच न्हाय, तं हाड मोडंल कसा?" मलाही ते पटलं. चार दिवस मी त्या मांडीला तेल चोळलं. ती म्हणत होती, "बाबा, नको चोळू, आत कायतरी हालतंय." मी ऐकलं नाही. मांडीचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, ज्या पायावर भार पडत नाही त्याचं हाड आतून विरळ होतं, न पडताही मोडतं. त्या चार दिवसांची मला माफी नको.

४. कुणालने उन्नतीला उचलायला शिकावं. माणसं दोन: एकाने पाठ धरायची, दुसऱ्याने मांड्यांखालून दोन्ही हात घालायचे. आधी तिला विचारायचं. ती "हां" म्हणाली की मगच. तो शिकला, असं उन्नतीने लिहून द्यावं. तोवर गाळा तिच्या ताब्यात.

वर कलम २ मध्ये मी "अभागी मुलगी" लिहिलं होतं. तिने वाचून "अभागी" खोडायला लावलं. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

५. मला खांदा द्यायला गाव जमेल. उन्नतीला दर्शनाला आणायला कोणीतरी घाईने पुढे होईल. त्याला थांबवा. नीट उचलणारी दोन माणसं येईपर्यंत प्रेत ठेवा, उशीर झाला तरी चालेल. मला कसंही उचला. मला दुखणार नाही.

सही: रामनाथ चिंधू भोईर

आमच्या समक्ष सही केली:
१. देवेश हरी केणी, राहनाळ
२. तुळजा काशिनाथ तरे, कशेळी

भिवंडी, दि. १४ नोव्हेंबर २०२५