झाडावर चढायची पँट

प्रिय अझहर,

हे पत्र हातात पडेल तेव्हा तू जमिनीवर असशील तर जमिनीवरच राहा. झाडावर असशील तर टेम्पोवाले वाल्मिकभाऊ खालून हाका मारतील, तेव्हा चेनसॉ बंद कर आणि मुकाट्याने उतर. राग नंतर कर, अख्खा जन्म पडलाय त्याला.

ईदला तू भांडून सुप्याला गेलास आणि घरातल्या सगळ्यांचे नंबर ब्लॉक केलेस. तुझ्या मुकादमाचा नंबर माझ्याकडे नाही. माझे दिवस भरत आलेत, नाहीतर टेम्पोत मीच बसले असते. तुमचं काम पारनेर रस्त्याला चाललंय हे वाल्मिकभाऊंना ठाऊक आहे. "ताई, रडू नगा, त्याच्या हातातच देतो बघा," म्हणालेत.

अब्बांचंही चुकलंच. पिंजाऱ्याच्या पोराने गाद्या भरायच्या सोडून तारांजवळच्या फांद्या कशाला कापायच्या, हे त्यांनी पाहुण्यांसमोर बोलायला नको होतं. पण तू गेल्यापासून त्यांचं दुकानात चित्त नाही. कुणी झाडावर चढलेलं दिसलं की रस्त्यातच थांबून वर बघत राहतात. अम्मी हाताला धरून घरी आणते.

तुझी ती जाडजूड पँट शिवण उसवली म्हणून घरी राहिली होती. मला किती कौतुकाने दाखवली होतीस! चेनसॉची फिरती दातेरी साखळी मांडीला लागलीच तर आतले लांब धागे बाहेर ओढले जातात, चाकात गुंततात आणि चेनसॉ जागीच थांबते. हे तू मला सांगितलंस, अब्बांना नाही. त्यांच्या कानावर फक्त तुझी कुरकुर गेली, की उन्हात ती फार उकडते आणि टोचते.

आज बाळाच्या गादीसाठी कापूस आणायला दुकानात गेले, तर एका पोत्यात तेच पांढरे धागे कोंबलेले. अझहर, अब्बांनी शिवण उकलून आतला सगळा 'नायलॉनचा कचरा' काढला आणि स्वतः पिंजलेला मऊ कापूस भरला. टाके इतके बारीक घातले की तुला कळलंही नसेल. मग वाल्मिकभाऊंच्या हाती पाठवली, 'माझं नाव सांगू नको' असं त्यांना बजावलं; वाल्मिकभाऊंनीच आज मला हे सांगितलं. तीच घालून तू रोज चढतोयस. ती पँट तुला वाचवणार नाही रे. काढून टाक, दुसरी मिळेपर्यंत चढू नकोस आणि मला फोन कर, शिव्या द्यायला का होईना. अब्बांना मी अजून काही सांगितलेलं नाही, हिंमतच होत नाही. मघाशी त्यांनीच मला हळूच विचारलं, पोराला आता टोचत नसेल ना.

तुझीच,
अल्मासआपा