आई बसली की फ्यूज उडतो

३ ऑगस्ट, रविवार
परत उडाला. रोह्यात शिरताना अष्टमीच्या पुलावर, दिवेलागणीला, मागे डंपर. मागचे दिवे, पुढचे पार्किंगचे, मीटरचा, सगळं एकदम गेलं. डंपरवाला जे बोलला ते इथे लिहीत नाही. आई मागच्या सीटवर होती, तिचे डोळे दाखवून येत होतो.
बाबांची फियाट. बाबा मागच्या पावसाळ्यात गेले, म्हणून गेल्या वर्षी गणपती आणला नाही. यंदा आणायचा, आणि ह्याच गाडीतून आणायचा, हा आईचा एकच हट्ट. इतकी वर्षं हमरापूरच्या मूर्तींच्या कारखान्यातून रोह्याला तसाच आलाय. मागच्या सीटवर पाट, पाटावर मूर्ती, शेजारी आई पाटाला हात लावून. परत येईपर्यंत अंधार होतोच. मागचे दिवे नसताना हायवेला देव घालून निघायची माझी हिंमत नाही.

५ ऑगस्ट
फर्स्ट शिफ्ट. कंपनीत अख्ख्या प्लांटची वायरिंग बघतो मी. घरी चार दिव्यांची गाडी ऐकत नाही. कुठेतरी वायर बॉडीला टेकतेय, एवढं शेंबडं पोरही सांगेल. कुठे, ते बोला.
डिकी रिकामी केली. उंदराने कुरतडलं असेल म्हणून अख्खी वायर हाताने चाचपली. उंदीर नाही. बाबांची जुनी छत्री सापडली.

९ ऑगस्ट
सलीमभाईंकडे नेली. अष्टमीत गाड्यांची वायरिंग करतात, बाबांचे दोस्त. डावीकडच्या मागच्या दिव्याचा होल्डर गंजून भुगा. म्हणाले, खाडीची हवा, दुसरं काय. नवा बसवला. मी एकटाच कोलाडपर्यंत जाऊन आलो, सगळे दिवे लावून. काही नाही. झालं एकदाचं.

१० ऑगस्ट, रविवार
झालं म्हणे! आईला धावीरच्या देवळात नेत होतो. पावसाने अंधारून आलं म्हणून दिवे लावलेले. गल्लीच्या तोंडाशी खड्डा, आणि फट.
दुपारी पव्या आला पेणहून, धाकटा भाऊ. त्याला सांगितलं तर म्हणतो, "आई, तुझ्यातच करंट हाय गो. तू बसलीस का उडतंय." सगळे हसलो. आईपण हसली.
जाताना म्हणाला, माझ्या गाडीतून आणू, एसी आहे, एअरबॅग आहे, त्या खटाऱ्यात देव कशाला? मी म्हटलं बघू. उगाच भांडण नको.

१३ ऑगस्ट
डॅशबोर्ड उतरवला. पाठीत उसण भरली. डिपरचा स्विच खोलला, पुसला, लावला. स्प्रिंग उडून नाल्यात. शोधायला अर्धा तास चिखलात हात. काय ही दशा.
एकट्याने फिरवली की ठीक. शेजारचे म्हणतात, फ्यूजला चॉकलेटची चांदी गुंडाळ, कधीच उडणार नाही. हो, फ्यूज नाही उडणार, गाडी पेटेल. असले सल्लागार गल्लोगल्ली.

१६ ऑगस्ट
आई म्हणाली ती हमरापूरला येणार नाही. भाजी निवडता निवडता, सहज.
"पव्याच्या गाडीतून आणा. मी घरी थांबते."
मी म्हटलं का? तर म्हणाली,
"मी बसले का दिवा जातोय. त्यांच्याच मनात नसंल मी बसावं."
त्यांच्या म्हणजे बाबांच्या. फ्यूज आहे तो, म्हटलं, त्याला कोण बसलंय ते कळत नाही. तिने भाजीची ताटली उचलली आणि आत गेली.
पव्याची मस्करी तिने मनाला लावून घेतलीय. पव्याचा राग आला. त्याहून जास्त गाडीचा. संध्याकाळी टायरला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

१७ ऑगस्ट, रविवार
फ्यूज काढून त्याच्या जागी बल्ब जोडला. सगळं ठीक असेल तर बल्ब मंद, शॉर्ट झाला की लख्ख. सकाळपासून त्या बल्बाकडे बघत बसलो. मंदच. वायरी हलवल्या, डिकी आपटली. मंद.
पव्या आला, परत त्याच्या गाडीचं पुराण लावायला. बाहेर पाऊस, म्हणून मागच्या सीटवर जाऊन रेलला, मोबाईल घेऊन.
बल्ब लख्ख.
मी म्हटलं ऊठ. मंद. बस. लख्ख. ऊठ. "काय शाळेतली शिक्षा हाय काय?" म्हणाला. त्याचं वजन आईच्या दुप्पट. मी आईला हाक मारून बाहेर बोलावलं आणि तिच्यासमोर त्याला उठाबशा काढायला लावल्या. आई पदर तोंडाला लावून बघत होती. मला हसू येत होतं आणि डोळ्यात पाणीपण, खोटं का लिहू.
मी मेला रोज एकटा पुढे बसून तपासत होतो.
सीट उपटली. खाली लाल वायर, मागच्या दिव्याच्या वायरीतून काढलेली, टोक कापून तसंच कोंबलेलं. कुणी बसलं की सीटची स्प्रिंग त्या टोकावर; आई हलकी, म्हणून तिच्या वेळी खड्ड्यात टेकायची. बाबांनी शेवटी शेवटी सीटला नवं रेक्झिन घातलेलं, त्या सीटवाल्याला ती वायर फालतू वाटली असणार.
आईने लगेच ओळखली.
"त्यांचा दिवा तो. देव अंधारात आणायचा नाय, म्हनायचे. आधी निरांजन लावायचे, तर येकदा सीट जळाली. मग बलब लावला."
मला आठवतच नाही. मी नेहमी पुढे, रस्त्याकडे बघत.
म्हटलं, आता टेप मारून बंद करतो. तर म्हणाली, बंद कशाला?

२१ ऑगस्ट
बाबांच्या दिव्याला होल्डर मिळत नाही. पेणलाही नाही. सलीमभाईंनी भंगारातून एक दिला. मागच्या दाराशी, पाटावर उजेड पडेल असा बसवला, वायर पाइपात घातली, फ्यूज वेगळा. लागला. दार आपटलं की गेला. परत आपटलं, लागला.

२४ ऑगस्ट, रविवार
होल्डरची पत्ती वाकवून घट्ट केली. आता दार आपटलं तरी टिकतो. पण दार म्हणजे काय नागोठण्याचे खड्डे नव्हेत.
आईला म्हटलं एकदा बसून बघ. म्हणाली, त्या दिवशी बघू.

२६ ऑगस्ट
हमरापूर, कारखान्यासमोर. गर्दी फार, निघायला उशीर झाला. पाट मागे ठेवला, मूर्तीच्या तोंडावर रुमाल. आई आलीय. पण सीटच्या टोकाशी बसलीय, सगळं वजन पायावर, एक हात पाटाला, दुसऱ्याने पुढची सीट धरून.
नीट बस, म्हटलं.
"तू आधी लाव."
लावले. पुढचे, मागचे, मीटरचा. बाबांचाही. पाटाच्या कडेवरची आईची बोटं पिवळी दिसायला लागली. ती त्या बल्बाकडे बघत हळूहळू मागे सरकली, पाठ टेकली. बल्ब विझला नाही.
मग म्हणाली, "हां. आता चल."
पव्या आपली गाडी घेऊन मागून येणार आहे, मागचे दिवे लागतायत का बघत. गेले तर हॉर्न मारतो म्हणाला. खिशात फ्यूज घेतलेत. वडखळपर्यंत रस्ता बरा आहे, पुढचं माहीत नाही.