न वाजवता घेतलेली गिटार

नाना, काल मी आणखी एक इलेक्ट्रिक गिटार घ्यायला गेले होते. घरात भिंतीला खिळा ठोकायला जागा उरलेली नाही. सून तोंडावर बोलत नाही एवढंच. शेवटी एक काळी आणि एक लाल, अशा दोघींवर गाडी अडली. मी वजन बघते, लाकूड बघते, मान हाताला कशी लागते ते बघते. सोबत आलेली नात म्हणाली, "आजी, पण आवाज कुणाचा चांगला?" तेवढं मला आजवर एकीचंही सांगता आलेलं नाही.

तुमची दुधाच्या सायीच्या रंगाची होती, मुंबईहून जुनी आणलेली. धुळ्याच्या आपल्या दोन खोल्यांत तिची जागा देवाच्या फळीखाली. बाहेरून आल्या आल्या मी तिच्या तारेला बोट लावलं, तर तुम्ही माझा हात झटकलात. "वाद्य शे ते. चपला काढ पहिले." तुमच्या ऑर्केस्ट्रात सगळ्यांना तोच नियम. अनवाणी बसायचं, वाद्य कपाळाला लावायचं, मग सुरुवात. तेव्हा मला, तुमच्या लेकीला, त्याचा केवढा अभिमान वाटायचा. आता त्याच गोष्टीचा राग येतो, नाना, आणि तो कुणावर काढू तेही कळत नाही.

पाचोऱ्याला मारवाडी व्यापाऱ्याच्या घरचं लग्न. मी एवढीशी, गायला उभी आहे आणि माइक माझ्या कपाळाशी येतोय. धूळ बसावी म्हणून मांडवात नुकतंच पाणी मारलंय. तुम्ही सतरंजीवर खुर्ची टाकून बसलाय, चपला काठाशी नीट जोडून ठेवलेल्या. "थांब बाई, माइक खाले करस," म्हणता आणि गळ्यातल्या गिटारसकट उठता. एक हात तारांवर तसाच. पाय सतरंजीवरून ओल्या मातीत पडतो. तुम्ही कोसळलात तेव्हा लोकांना वाटलं, फेफरं आलं. वायरमनने बटण बंद केलं, तोवर कुणीतरी हुंगवायला जोडा शोधत होतं. जवळ तुमचीच चप्पल होती. तीच उचलून तुमच्या नाकाशी धरली. आवाजाच्या मशीनमधून गिटारच्या तारांत करंट उतरत होता, वायरमन नंतर म्हणाला. तीच चप्पल पायात असती तर कदाचित तुम्ही वाचला असतात.

काल दुकानदाराने लाल गिटारला वायर जोडली आणि म्हणाला, "घ्या, वाजवून बघा." मी हात पुढे केला. खाली बघते तर माझे पाय चपलांतून आपसूक बाहेर आलेले, फरशीवर. मी हात मागे घेतला आणि त्याला बटण बंद करायला लावलं. म्हटलं, मला कमी ऐकू येतं, वाजवून काय करू, द्या बांधून. नात माझ्याकडे बघतच राहिली.

खोटं बोलले, नाना. मला अजून सगळं नीट ऐकू येतं. माइक खाली करतो म्हणालात, तेसुद्धा.