दोन अर्धे डबे

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. डोकं तेवढं परवापासून जाग्यावर नाही. कुकर तापायला पाऊण तास लागतो, तेवढ्यात लिहितोय. कुकर म्हणजे आमचा प्रयोगशाळेतला, आत माणूस बसेल एवढा. त्यात बुरशीचं जेवण उकडून निर्जंतुक करायचं आणि काचेच्या बशा भरायच्या, हे माझं काम. तुझा भाऊ बुरशीचा आचारी झालाय, हस हवं तर.

इथे एक संशोधक आहे. डिग्री अजून मिळायचीय, म्हणून सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणून चिडवतात. माझ्यासारख्या सातवी नापासाला समजेल असं सांगणारी ती एकटीच. म्हणाली, बुरशीला नायट्रोजन लागतोच, पण ती महाआळशी. अमोनियासारखा आयता घास मिळाला, की नायट्रेट पचवायची जनुकं ती बंदच ठेवते. आयतं संपलं की एक मुख्य जनुक बाकीच्यांना हाकतं, उठा रे, लागा कामाला! डॉक्टरीणबाईनं ते मुख्य जनुकच काढून टाकलं होतं. म्हणजे नुसत्या नायट्रेटवर ती बुरशी उपाशी राहायला हवी. तर सोमवारी बघतो तो बशा हिरव्यागार! बाई नाचलीच. दुसरंच कुठलं तरी जनुक कारभार बघतंय म्हणे, मोठा शोध. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला हसताना पाहिलं.

परवा फळी पुसताना अमोनियमचा रिकामा डबा हाती लागला. दोन अर्धे डबे दिसले की त्यांचा एक करायचा, ही माझी वाण्याच्या दुकानातली खोड. महिन्यापूर्वी मी नायट्रेटच्या डब्यात अमोनियमचा उरलेला डबा ओतला होता. दोन्ही पांढरंशुभ्र, मला काय कळतंय! शोध कसला, आयता घास मीच वाढत होतो.

धावत जाऊन तिला सांगितलं. वाटलं, कानाखाली वाजवेल. ताई, तिनं दार लावलं. म्हणाली, तू काही बोलला नाहीस, मी काही ऐकलं नाही, तो डबा मोरीत रिकामा कर. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, पुढच्या आठवड्यात परिषदेत हे मांडणारेत. वर म्हणाली, तुझं मी बघते. बशीत धुळीचा कण पडला तरी अख्खा प्रयोग फेकून देणारी बाई ही! डबा मी रिकामा केला नाही. कपाटात कपड्यांखाली आहे.

आता खरं सांगतो. काल फोनवर 'मी कायम झालो' म्हणालो ना, तिचं 'बघणं' ते हेच. शाळा सोडल्यापासून माझ्याशी न बोललेले बाबा फोनवर आले, 'नाव काढलंस रे' म्हणाले. कुकर उतरला की मी डबा घेऊन सरांकडे जातोय. नोकरी राहील असं वाटत नाही. बाबांना तूच सांग, पत्र मिळेल त्याच दिवशी. मी फोन केला आणि ते पुन्हा तसंच बोलले, तर मी परत खोटं बोलेन.

तुझाच,
भिंगरी