ध्वनिभक्षाला परत आणण्याचा हक्क

मी, निशिगंधा पुंडलिक मोकल, वय ४६, अविवाहित, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी, राहणार अष्टमी, ता. रोहा, हे माझ्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी दमदाटी केलेली नाही. कोणी गोड बोलूनही लिहून घेतलेले नाही. तसा प्रयत्न झाला, त्याची नोंद कलम ३ मध्ये आहे. येत्या मंगळवारी माझी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर "अगदी साधी आहे" असे दोनदा म्हणाले. एकदाच म्हणाले असते तर मी हे लिहायला बसले नसते.

१. अष्टमीतील दोन खोल्या भाऊ सुशील याला. बँकेत जे असेल ते त्याची मुलगी दिशा हिच्या शिक्षणासाठी. माझ्या डायऱ्या सुशीलने वाचू नयेत. तो वाचणारच, म्हणून २०११ची मी आधीच जाळली आहे.

२. आमच्या गणेशोत्सव मंडळासाठी मी २००३ पासून 'यान कुंडलिका' ही विज्ञानकथा लिहीत आले. हलत्या पुतळ्यांचा देखावा, ध्वनिमुद्रित संवाद, दर वर्षी एक भाग. कोरोनाची दोन वर्षे सोडून वीस भाग झाले. तिच्यातला खलनायक ध्वनिभक्ष, एकेका ग्रहावरचा आवाज गिळणारा, हा माझा आहे. तो आला की मंडळाचा स्पीकर अर्धे मिनिट बंद व्हायचा आणि भरल्या मांडवात कोणी खोकत नसे. २००८ मध्ये मी त्याला ताऱ्यात ढकलून मारले.

३. मंडळाचा अध्यक्ष, माझा चुलतभाऊ नितेश, याला तो परत हवा आहे. "ताई, पब्लिक त्यालाच विचारते गो. डबल साइजचा करू, धूर सोडू, लेझर मारू!"
मी म्हटले, "आणि मी नाय म्हटलं तर?"
"तू आधी बरी हो. मग बघू."
या 'मग बघू'वर मी दोन दिवस विचार केला.

४. २०१६ मध्ये तो एकदा परत आला होता आणि पडला. पुतळ्यांची मुंडकी पेणला काळुराम यांच्या गणपतीच्या कारखान्यात होतात. ऐन सीझन होता. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी होते. महिनाभर बाप्पाचेच डोळे आखणाऱ्या हाताने ध्वनिभक्षालाही तेच डोळे दिले. पहिल्याच संध्याकाळी खांब गावच्या गिरजाबाईंनी चपला काढून हात जोडले. "कुठला देव हाय गो ह्यो? नवसाला पावतो काय?" तिसऱ्या दिवशी खलनायकाच्या पायाशी नारळ आणि जास्वंद.

नितेशने गावभर सांगितले की संहिता कमजोर होती. हे मी माफ केलेले नाही. पण संहिता कमजोर होती, हेही इथे लिहिले पाहिजे. गर्दी कमी झाली म्हणून मी त्याला आणले; त्याला स्वतःला काहीच नको होते. तो आला, हसला, जुनी वाक्ये बोलला. डोळे बरोबर असते तरी तो पडलाच असता.

५. चेहऱ्याचा मूळ साचा माझ्या ट्रंकेत होता. मे महिन्यात नितेश बोलून गेला, "साचा राहू दे तुझ्याकडं, आमचं अडत नाय." मी समजले, नक्कल झाली आहे. दुसऱ्या दिवशी रजा टाकून पेण गाठले.

काळुरामांनी काही लपवले नाही. मागच्या फळीवर ध्वनिभक्षाची नऊ मुंडकी होती. "बाय, नितेशसाठी नाय केली. २०१६चं मनाला लागलं. सीझन संपला की एक रंगवतो. रागाचे डोळे काढायला जातो, तं मायाच उतरते."

आठ तशीच होती. नववे मात्र माझ्या खांद्यावरून मागे पाहत होते, शांतपणे, मी आधीच संपले आहे असे समजून. ते त्यांची सून मृणाली हिने आखले होते.

"ताई, रागीट नाय काढला," ती म्हणाली. "त्याला वाटतं, त्याचंच बरोबर हाय. आवाजाचा त्याला खरंच त्रास होतो."

"असं मी कुठं लिहिलंय?"

"नाय लिहिलं. पण इतकी वर्षं ताऱ्यात जळत होता ना? किती मोठा आवाज असंल तिथं! तो शांतता मागायलाच परत येणार."

नितेशने हिला पढवून ठेवले असेल, असे मला आधी वाटले. मग हे वाक्य माझेच असेल म्हणून तीन आठवडे डायऱ्या चाळल्या. ते कुठेही नाही.

६. ध्वनिभक्ष, त्याचे नाव, साचा आणि त्याला परत आणण्याचा संपूर्ण हक्क मी मृणालीला देते. तो वाचला कसा, हे एका वाक्यात सांगावे. प्रेक्षक तेवढेच ऐकून घेतात. धूर नको. दर वर्षी आणू नये. संवादांना नितेशने हात लावू नये. यातली एखादी अट कथेच्या आड आली तर मृणालीने ती मोडावी. नितेशला मी मुद्दाम साक्षीदार केले आहे: ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. त्याला हे सही करताना कळेल.

७. मी नितेशवर संशय घेतला, काळुरामांवर घेतला, डॉक्टरांवर अजून आहे. नऊ वर्षे नकार देताना मी कारण 'दर्जा' असे सांगितले. तो माझ्यावाचून अधिक चांगला परत येईल, ही भीती होती. म्हणून कलम ६ माझ्या मरणावर ठेवत नाही. साचा काल मी स्वतः पेणला देऊन आले. बरी झाले, तर तो येईल त्या वर्षी मांडवाबाहेर रांगेत उभी राहीन, आणि पुढे काय होणार ते मला माहीत नसेल.

वरील मजकूर दोनदा वाचला. एक शब्दही बदलायचा नाही.

(सही) निशिगंधा पुंडलिक मोकल
अष्टमी, ता. रोहा, जि. रायगड
१३ जुलै २०२५

आमच्या समक्ष सही झाली:
१. (सही) नितेश मोकल. कलम ६ वाचले.
२. (सही) किमया घरत, शेजारी