काकाच्या मापाचं

तुबली, बहरीन, गुरुवार, संध्याकाळ

उद्या पहाटे निघायचं. समुद्रावरचा कॉजवे, सौदी, मग यूएई, मग ओमान. एवढी गाडी हाणायची कशासाठी, तर डोंगराच्या घळीतल्या डोहात पोहायला! गाडीची भीती नाही, बारा वर्षं तेच करतोय. पाण्याचं काय?

चूक माझीच. गॅरेजमधल्या विलासने विचारलं, "पोहता येतं ना रे तुला?" मी ऐटीत म्हटलं, "कोकणातल्या माणसाला हे काय विचारतोस?" तो माणदेशातला, त्याला खरंच वाटलं. आता त्याच्या मुलीला, रियाला, पाण्यात उतरवायचं काम माझ्याकडे. नऊ वर्षांची पोर.

खरं काय? गावच्या विहिरीत पोहलो ते पाठीला सुका भोपळा बांधून. बाकीच्या पोरांचे भोपळे एकेक करून सुटले. माझा सुटला नाही. मीच सोडू दिला नाही. चाळिशी उलटली, हे अजून बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

दुपारपासून तोच भोपळा डोळ्यांसमोर. पाय मुरगळला म्हणून काठावर बसून राहू? आणि पोर घसरली तर?

शेवटी आत्ता विलासला फोन केला. उचलला रियाने. "काका, आय टुक आउट माय लाइफ जॅकेट. बॅग वॉज फुल. यू आर देअर, ना?"



"ते आधी परत भर, बाळा," मी म्हटलं. "आणि बाबांना सांग, अजून एक घ्या. काकाच्या मापाचं."