पुरावा क्रमांक तीन आणि त्यातलं हसू

मी, वय वर्षे एकोणऐंशी, व्यवसाय चित्रपट निर्माता-दिग्दर्शक (चित्रपट एकच), पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. दडपण मुलीने बरंच आणलं, पण ते मी वीस वर्षं हाणून पाडलं. आज लिहितोय ते माझ्याच मर्जीने, याची तिने नोंद घ्यावी.

कलम एक. राहतं घर व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीस. जावईबापूंनी बाल्कनी बंद करून घेण्याचा विषय माझ्या पश्चातही काढू नये.

कलम दोन. चित्रपटाचे सर्व हक्क मुलीसच, अटींसह. चित्रपट तीन आठवड्यांत थिएटरातून उतरला. तेव्हापासून मुलीचा एकच धोशा: "बाबा, इंटरनेटवर टाका. चहाच्या किमतीत लोक घरबसल्या पाहतील, परदेशातलेसुद्धा." मी म्हणायचो, सिनेमा ही काय लोळत पाहायची गोष्ट आहे? शिवाय चोरांची भीती. म्हणून सगळी रिळं परत मागवून लोखंडी कपाटात कोंबली, वर दोन कुलपं. इकडे चौकातला सीडीवाला पहिल्याच खेळाला चोरून काढलेली प्रत विकत होता. "तुम्ही दुकानच उघडलं नाहीत, तर लोक त्याच्याकडेच जाणार ना?" असं मुलगी म्हणाली, तेव्हा महिनाभर मी तिच्याशी अबोला धरला. सीडीवाल्यावर खटला भरला आणि जिंकलो. त्याचा सगळा माल माझ्याच मागणीवरून नष्ट झाला. एक सीडी तेवढी 'पुरावा क्रमांक तीन' असा शिक्का मारून माझ्या हवाली केली.

गेल्या वर्षी कपाट उघडलं. आंबूस वास, रिळं चिकटून त्यांचा गोळा झालेला. कुलपं मात्र ठणठणीत. सबब, माझ्या चित्रपटाची शाबूत प्रत आज एकच आहे, पुरावा क्रमांक तीन.

कलम तीन. संकलनाचं टेबल माझ्या जुन्या संकलकास, माफीसह. माझा नायक सव्वाचार मिनिटं मरतो. संकलक म्हणाला होता, "हे मरण अर्धं काप." मी ऐकलं नाही. पहिल्या खेळाला मी सर्वांत पुढे बसलो होतो. ऐन मरणात मागून कोणीतरी खो खो हसलं. हा मागेच होता, तेव्हा हाच, असं धरून मी त्याचं तोंड पाहणं सोडलं.

मुलीने ती सीडी लावली. पडद्यासमोर येणारी डोकी, कोणाचा तरी खोकला, आणि मग ते हसू, अगदी कॅमेऱ्याच्या कानाशी. मुलगी म्हणाली, "बाबा, ही तर आई!" मी ओळखणार नाही? तोंड दाबूनही फुटणारं आणि शेवटी उचकीवर जाणारं. त्या दिवशी घरी येऊन बायको मला बिनदिक्कत म्हणाली होती, "मी तर रडत होते हो." तिला जाऊन आठ वर्षं झाली. घरात फोटो ढीगभर आहेत, आवाज मात्र एवढाच. मला तिची फार आठवण येते, हेही कलमातच धरावं.

कलम चार. ऑनलाइन सिनेमे दाखवणारी एक कंपनी म्हणते, आवाज साफ करून ते हसणं काढा, मग घेतो. काढायचं नाही. कंपनी अडून बसल्यास मुलीने स्वतःच्या वेबसाइटवर, चहाच्या किमतीत, भाषांतराच्या ओळींसह साऱ्या जगाला दाखवावा. तरीही कोणी चोरलाच, तर खटला भरू नये. हसू जागेवर आहे ना, एवढंच तपासावं.

ठिकाण: घर, पुढची खोली.
दिनांक: चित्रपट लागला त्याला आज बरोबर एकवीस वर्षे.

साक्षीदार पहिला: आमचे डॉक्टर. मी शुद्धीवर असल्याचं त्यांनी नाइलाजाने मान्य केलं.

साक्षीदार दुसरा: सीडीवाला. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असं वकील म्हणाले, म्हणून याला मुद्दाम बोलावला. सही करून भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिला. म्हणाला, "साहेब, या बाई त्या दिवशी माझ्या शेजारी होत्या. कॅमेरा दिसला त्यांना. वाटलं, आता ओरडणार. तर म्हणाल्या, नीट धर, हलतोय. पुन्हा कुठे बघायला मिळणार हा सिनेमा?"

खालील सही माझीच आहे. ती हलली असल्यास कारण वर दिलं आहे.